धक्का स्टार्ट

गाडी बदलल्याचा पश्चात्ताप हा तसा श्रीमंतांचा आजार. चकाचक गाडीत बसून कुणी "जुनीच बरी होती यार" म्हणायला लागलं, की आपण मनात म्हणतो, चल, शो ऑफ! मीही म्हणायचे. आता पेशंट आमच्याच घरात आहे आणि आजार लावून देणारी मी आहे, म्हणून बोलायची सोय नाही.

आमचं घर मोर्शीचं. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठे?" अमरावतीपासून पन्नासेक किलोमीटर, सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात. तुम्ही 'नागपुरी संत्री' म्हणून जी सोलून खाता, त्यातली बरीचशी आमच्याकडची असतात. (हे आमच्या बाबांसमोर काढू नका, अख्खी दुपार जाईल.) बाबांची साडेपाच एकरांची बाग आहे, सहाशेच्या आसपास झाडं. डांबरी रस्ता सोडला की दोन किलोमीटर आत. मधे पांदण. पांदण म्हणजे शेताकडे जाणारी कच्ची वाट, आणि आमची काळी माती म्हणजे काय चीज आहे ते पावसाळ्यात आल्याशिवाय कळत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन पाऊस झाले की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि पायातली चप्पल स्वतःकडे ठेवून घेते. सरकारनं 2021 मध्ये पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री'च्या नावानं योजना काढली. आमची पांदण अजून पांदणच आहे.

या पांदणीवर बारा महिने चालणारी एकच गोष्ट आमच्या घरी होती, जीप. बाबांनी ती 1998 मध्ये घेतली, माझ्या जन्माच्या वर्षी. म्हणजे घरात एका वर्षात दोन खर्च आले, असं आई म्हणते. कंपनीचं नाव विचाराल तर सांगता येणार नाही, कारण बॉडी सरकारी लिलावातली, इंजिन दुसऱ्या गाडीचं आणि गिअरबॉक्स तिसऱ्याच. कागदावर ती एक गाडी होती, पण खरं तर ते आघाडी सरकार होतं, आणि चालायचंही तसंच.

जीप या प्रकाराचं आपल्याकडे भलतंच प्रस्थ होतं. मुळात ती दुसऱ्या महायुद्धाची पैदास. 1941 पासून चार वर्षांत विलीज आणि फोर्ड मिळून अमेरिकेत सहा लाखांवर जीपा बनल्या. 1945 मध्ये सुरू झालेली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी पुढे 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि विलीजची जीप मुंबईत जोडायला लागली. महाराष्ट्रात 1962 ला पंचायत राज आलं आणि बीडीओ साहेबांची जीप गावोगाव धूळ उडवू लागली. त्यामुळे बाबांच्या पिढीला जीप म्हणजे वट. आपल्या पिढीचंही काही वेगळं नाही म्हणा. 2020 मध्ये नवी थार आली तेव्हा महिनोन्महिने वेटिंग होतं, आणि त्यातल्या किती थारनी चिखल पाहिला, हे थारवाल्यांनाच विचारा.

आमच्या जीपचा वट फक्त उभी असेपर्यंत. बॅटरीवर ती क्वचितच चालू व्हायची. म्हणून बाबा ती रात्री घरासमोरच्या उतारावर तोंड खाली करून लावत. सकाळी साडेसहाला बाबा स्टिअरिंगवर आणि गल्लीतली चार पोरं मागे. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की एक गचका, मग काळा धूर, मग अख्ख्या गल्लीला कळायचं, निघाले. ती कुठेही बंद पडायची. डॅशबोर्डात पाने, बांधायची तार, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि कपड्याच्या साबणाची वडी कायम. साबण कशाला? डिझेलची टाकी गळायला लागली की त्या जागी घासायचा, घरी येईपर्यंत निभतं. पण छोटी लिव्हर ओढून चारही चाकं लावली आणि लो गिअर टाकला की चालत्या माणसाच्या स्पीडनं ती त्या चिखलातून अशी जायची, की बघत राहावं. बंद पडायची ती डांबरी रस्त्यावर. पांदणीत ती अडकल्याचं मला आठवत नाही.

डिसेंबर 2021 मध्ये एका लग्नाहून येताना रात्री अकराला अमरावती रोडवर जीप बसली. बाबांचा फोन डिस्चार्ज, आईचा घरी. पुण्यात मी आणि दादा रात्री दोनपर्यंत वेड्यासारखे फोन लावत होतो. शेवटी एका ट्रकवाल्याच्या फोनवरून बाबांचा आवाज आला, "अवं, गाडी बंद पडली म्हून का माणूस बंद पडते? झोप तू." मला जाम राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी मोहीमच उघडली. मास कॉम नुकतंच संपलं होतं, एका मासिकाच्या गाड्यांच्या पानाला मजकूर पुरवत होते, म्हणजे घरातली ऑटो एक्सपर्ट मीच! एअरबॅग, एबीएस, आईची पाठ, सगळे मुद्दे काढले. जीपचं पासिंग जवळ आलं होतं. जुन्या कारच्या नोंदणी-नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 ची 5000 रुपये होणार होती, ते कात्रणही पाठवलं. दादाच्या ओळखीतून पाच वर्षं जुनी जर्मन सेडान मिळत होती. आंबिया बहाराचे पैसे आणि जीप विकून आलेले, उरलेल्याचं पाच वर्षांचं कर्ज. अक्षय्य तृतीयेला, 3 मे 2022 ला गाडी दारात आली. आईनं ओवाळलं. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. जीप आदल्या दिवशीच पांढुर्ण्याचा एक मुलगा घेऊन गेला. धक्का मारायला गल्लीतली तीच चार पोरं.

गाडी सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? आई तर सरळ सांगते, "तुह्या बापाची ते जीप म्हणजे माही सवत होती." डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि महिन्याभरात दोघं शिर्डीला जाऊन आले. आई मागच्या सीटवर झोपून गेली. जीपमध्ये तिला मोर्शी-अमरावती करतानाही उशी लागायची.

पण त्याआधी पावसाळा आला होता. 2022 चा जुलै-ऑगस्ट विदर्भानं कसा काढला ते तिकडच्या माणसांना विचारा. उघाड पडल्यावर बाबांनी सेडान पांदणीत घातली. शंभर मीटरवर ती पोटावर बसली. ऑटोमॅटिक, म्हणजे धक्का स्टार्टचा प्रश्नच नाही. स्टेपनी नाही, कारण पंक्चर झाले तरी चालणारे टायर आहेत म्हणे. ओढायचा हूक डिकीत एका पिशवीत असतो, तो कुठे लावायचा हे यूट्यूबवर बघून मी पुण्याहून फोनवर सांगितलं. शेजारच्या शेतातली बैलजोडी आणली तेव्हा गाडी निघाली. तो व्हिडिओ तालुकाभर फिरला, आम्हीही हसलो. खालची पत्रं आणि सेन्सर मिळून अठ्ठेचाळीस हजारांचं बिल आलं तेव्हा हसू थांबलं. दादानं फोन केला, "बाबा, ही गाडी शेतात न्यायची नाही, प्लीज." मीही तेच म्हणाले. बाबा म्हणाले, "बरं."

त्यांचं 'बरं' मला तेव्हा ऐकू यायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, मोटरसायकल होती की. बाबांचा एक गुडघा कामातून गेलाय, चिखलात गाडी तोलायला पाय टेकावा लागतो, तो टेकत नाही. ट्रॅक्टर भाड्याचा, तो फवारणीच्या दिवशीच येणार. मग बागेतला गडी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचा. हिरवीगार झाडं, त्यावर हिरवी संत्री. बाबा ते फोटो मलाही फॉरवर्ड करत आणि मी हार्ट टाकायचे.

संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो. बुंध्याशी पाणी साचून राहिलं की बुरशी लागते, साल फाटते आणि त्यातून डिंक गळतो. सुरुवात जमिनीलगत होते. वरून झाड बराच काळ छान दिसतं. फोटोत तर फारच छान. बाबा रोज जायचे तेव्हा नुसत्या नजरेनं चर तुंबलेला ओळखायचे, बुंधा खरवडून बोर्डो पेस्ट लावून घ्यायचे. त्या वर्षी पांदण वाळून ते बागेत पोचले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. खालच्या अंगाचा चर गाळानं बंद, पाणी मुळांशी. फळगळीचा खच पडलेला. पुढच्या वर्षभरात एकशे सत्तर झाडं गेली. नवीन लावली तरी फळ धरायला पाचेक वर्षं लागतात, आणि बाबा 64 चे होते.

2023 मध्ये त्यांनी बाग ठेक्यानं दिली. आम्हाला फोनवर सांगितलं, तेही आईनं.

आता बाबा गाडी काढतात ती डांबरी रस्त्यापुरती. सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे दरवाजे उघडले की सगळा तालुका बघायला जातो, तसे हेही जातात. गाडी धुतलेली असते. गल्लीतल्या पोरांना सकाळी साडेसहाला उठायचं काही कारण उरलेलं नाही. आणि माझं टेन्शन गेलं, हे खरं आहे. रात्री आता मी छान झोपते.

2025 च्या महाशिवरात्रीला मी घरी होते. सालबर्डीच्या यात्रेला गेलो. तिथला महादेव डोंगरातल्या गुहेत, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून, त्यामुळे दोन्हीकडची गर्दी. आमची गाडी खरचटू नये म्हणून फार अलीकडे लावली आणि चालत निघालो. बाबा गुडघा सांभाळत चालत होते, एकदम थांबले. म्हणाले, "आपली हाये." मला काहीच दिसत नव्हतं. मग वळणावरून जीप आली, रंग बदललेला, आत-बाहेर मिळून बाराएक माणसं. बाबांनी हात केला. पांढुर्ण्याच्या त्या मुलानं ओळखलं, गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"अबे, बंद कायले केली!" बाबा घाईनं पुढं गेले. "आता चालू नाई होत ते. इथं उतारही नाई."

"होते न काका," तो म्हणाला. चावी फिरवली. जीप पहिल्या सेल्फला चालू झाली. "बॅटरी अन् सेल्फ नवा टाकला. बाकी काई केलं नाई."

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. ती थरथर मला लांबूनही दिसत होती. मग त्यांनी विचारलं, केवढ्यात देतं? पोरगा हसला. आमच्याकडून नेली त्याच्या तिप्पट आकडा सांगितला आणि वर म्हणाला, "पण इकाची नाई." बाबांनी त्याचा नंबर घेतला.

परवा फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर बाबांनी विचारलं, गाडीचा हप्ता कधी संपते? मी म्हटलं, मे 2027.

"बरं," म्हणाले. "मंग त्या पोट्ट्याले सांगून ठेवतो."