पाना-पकड : धरणं सोपं, सोडणं अवघड



सुटी संपली. लोणच्याच्या बरण्या, गोडा मसाला आणि सासूबाईंनी ऐन वेळी बॅगेत कोंबलेली थालीपिठाची भाजणी सुखरूप पोचली असेलच. आमचीही पोचली. आता दोन महिने इमारतीखाली धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघायचं. मोटारवाल्यांचं रडगाणं बॅटरीपाशी सुरू होतं आणि बॅटरीपाशीच संपतं. पण मस्कतात आमच्यासारखे जे मोजके दुचाकीवाले आहेत, त्यांची तक्रार वेगळी असते. गाडी चालू होते, पण चाक कुरकुरतं. म्हणून या अंकात डिस्क ब्रेक.

आम्ही राहतो वादी कबीरला. गावाकडच्या आमच्या आत्याबाईंची अजून समजूत आहे की आमच्या घराशेजारी कबीराचा मठ असावा. वादी म्हणजे डोंगरातला ओढा आणि कबीर म्हणजे मोठा, हे आम्ही त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांना मठच आवडतो, तेव्हा आम्हीही आता नाद सोडला. आमच्या या मोठ्या ओढ्यात पाणी क्वचित आणि गॅरेजं फार. त्यामुळे गाडी बिघडली की दुरुस्तीला जागा शोधावी लागत नाही. बिघाड नेमका कशात आहे, ते मात्र शोधावं लागतं.

परवा संध्याकाळी खालून हाक आली. सातारकडचा एक मुलगा आमच्या ओळखीचा आहे. रुवीला कामाला जातो, जाण्यायेण्याला त्याच्याकडे एवढीच एक जुनी मोटरसायकल. ती ढकलत, घामाने निथळत तो आला होता. करपट वास जिन्यापर्यंत पोचला होता. सौ.नी वरूनच विचारलं, “कुणाचं दूध उतू गेलं?”

“काका, पुढचे पॅड दोनदा बदलले,” तो म्हणाला. “तरी चाक फिरंना. वर चीं चीं करतंय ते येगळंच.”

मंडळी, इथेच थांबू. या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत, आणि बहुतेक लोक (गॅरेजवालेसुद्धा) त्यांची एकच मोट बांधतात. आवाज येणं ही एक गोष्ट आणि चाक अडणं ही दुसरी. आवाज बहुतेक वेळा नुसता त्रास असतो. अडणारं चाक हा धोका असतो. आणि दोन्हींवर ‘पॅड बदला’ हे एकच औषध नसतं.

आधी आवाजाचं बघू. डिस्क ब्रेकचं ओरडणं ब्रेकइतकंच जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा घासायला धातूवर धातू होता. तो किती किंचाळत असेल, विचार करा! मोटरसायकलींत हा ब्रेक सर्वसामान्यांच्या हाती आला तो १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून. आज आपल्याकडे कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांनाही तो असतो. पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासताना थरथरतात आणि ती थरथर कानाला शिट्टीसारखी ऐकू येते, एवढंच या ओरडण्याचं मूळ.

दोन महिने उभी राहिलेली गाडी पहिल्या दिवशी खरखरली तर घाबरू नका. समुद्राच्या दमट हवेने डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, तो दहा-बारा वेळा ब्रेक लावला की पुसला जातो. त्यानंतरही आवाज राहिला तर पॅड काढून बघा. त्यांत वाळूचे कण रुतलेत का, पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय का, मागची पातळ पत्र्याची पट्टी किंवा पॅड दाबून धरणारी स्प्रिंग कुणी बसवायला विसरलंय का. पॅडचं घासायचं अस्तर एक मिलिमीटरच्या आसपास उरलं असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीन घाला. आणि डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते, तीही एकदा मोजून घ्या. शिट्टी न वाजता धातूवर धातू घासल्याची करकर येत असेल, तर मात्र त्या गाडीवरून पुढे जाऊच नका.

आणि एक हात जोडून विनंती. ओरडतोय म्हणून ब्रेकवर तेल किंवा साखळीचा स्प्रे कधीही मारू नका! आमच्या सातारकराने नेमकं तेच केलं होतं. दाराची बिजागरी कुरकुरली की तेल घालायचं, हे आपण लहानपणापासून बघत आलो, तसंच त्याने इथेही केलं. बिजागरीला तेल लागतं ते घर्षण नको म्हणून. ब्रेकला घर्षणच हवं असतं. डिस्क पुसून साफ होते, पण तेल प्यायलेले पॅड पुन्हा कामाचे राहत नाहीत, ते फेकावेच लागतात. त्याचे दुसऱ्यांदा घातलेले पॅड असे वाया गेले.

आता चाक अडण्याकडे वळू. त्यासाठी हा ब्रेक सोडतो कसा, ते समजून घ्यायला हवं. लिव्हर दाबला की वरच्या मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीतून खाली येतं, कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला दाबतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कोण ओढतं? तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रबरी कडी असते. पिस्टन पुढे जाताना ती किंचित पिळते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे खेचते. एवढ्याशा त्या मागे येण्यावर चाकाचं मोकळं फिरणं अवलंबून आहे. त्याच वेळी वर मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक उघडतं आणि दाबलेलं तेल परत डब्यात जातं. म्हणजे सुटायला दोन गोष्टी लागतात. खाली पिस्टन मागे यायला हवा आणि वर तेलाला परत जायची वाट हवी. पैकी कुठे अडलंय, एवढंच शोधायचं असतं.

आम्ही आधी काय केलं तेही सांगतो, कारण चूक लपवण्यात अर्थ नाही. आम्ही काही न तपासता जाहीर केलं, “पिस्टन चिकटलाय!” कॅलिपर उतरवला, जुन्या टूथब्रशने पिस्टनच्या कडेचा चिखल साफ केला, ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं). साडेनऊ वाजले. सौ.नी दोन वेळा जेवायला बोलावून झालं. सगळं बसवलं, लिव्हर हलवून पॅड डिस्कला टेकवले आणि चाक अगदी मोकळं फिरलं. आम्ही मिशीला पीळ देतो न देतो तोच त्या पोराने बिल्डिंगला चार चक्कर मारल्या आणि परत आला तो पुन्हा ढकलतच.

मग मात्र आम्ही शहाण्यासारखे वागलो. त्या पोराने नकळत मोठी खूण दिली होती. थंड असताना मोकळं, गरम झालं की जाम. पिस्टन किंवा पिना चिकटल्या असत्या तर चाक थंड असतानाही घासलं असतं. चाकाच्या फेऱ्यात एकाच जागी घासतं आणि लिव्हर हाताखाली धडधडतो, तेव्हा डिस्क वाकलेली असते. आणि चाक काढून बसवल्याच्या दिवसापासून घासू लागलं तर आस वाकडा बसला असण्याची शंका घ्यावी. पण उष्णतेबरोबर वाढणारं अडणं म्हणजे तेल अडकलंय. अडकलेलं तेल तापलं की फुगतं, फुगलं की पॅड आणखी दाबतं, पॅड दाबले की आणखी तापतं. हे चक्र आपोआप थांबत नाही.

खात्री करायची रीत साधी आहे. चाक जाम असतानाच कॅलिपरच्या निपलला एक पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडायचं आणि निपल पाव आटा सैल करायचं. चार थेंब तेल बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दोष वरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरमध्ये किंवा नळीत. तरीही सुटलं नाही, तर दोष खाली कॅलिपरमध्ये. निपल उघडं असताना लिव्हरला हात लावायचा नाही, नाहीतर हवा आत शिरते. आणि काम गाडी थोडी निवल्यावर करा. तापलेल्या डिस्कला बोट लावून बघायची तर मुळीच गरज नाही. लांबून पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र झालं की समजायचं.

आम्ही निपल सैल केलं. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. मग वर बघितलं. तेलाचा डबा काठोकाठ भरलेला नव्हता (नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलतात, तेव्हा तेही बघावं). पण ब्रेकचा लिव्हर नवाकोरा होता.

“हा कधी बदललास?”

“महिना झाला, काका. घसरून पडलो होतो. जुना मोडला.”

नवीन लिव्हरचा आतला खुंट जरासा लांब होता. हात न लावताही तो मास्टर सिलिंडरला केसभर दाबून धरत होता, म्हणून परतीचं ते बारीक भोक झाकलेलंच राहत होतं. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा टोकाशी थोडी तरी ढिलाई हवी. याला ती नव्हतीच. दोषाची खरी किंमत एक लिव्हर. त्यापायी त्याने दोन वेळा पॅड घातले, चार दिवसांची मजुरी बुडवली. त्याने गाडीच्या मापाचा लिव्हर आणला, आम्ही तेल नवीन भरून हवा काढली. तेव्हापासून गाडी गप्प आहे.

तुम्ही म्हणाल, एका लिव्हरचं एवढं काय? ते आम्हाला ठाऊक आहे म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच सुटीनंतर आम्ही सौ.ना मागे बसवून वादी कबीरहून अल् बुस्तानला निघालो होतो. पुढचं चाक थोडं घासत होतं. ‘जाईल आपोआप’ म्हणत आम्ही कानाडोळा केला. पुढे उतार लागला. समोर समुद्र दिसायला लागतो तिथे लिव्हर दाबला आणि तो नुसता मूठभर मऊ पडत हँडलला टेकला. ब्रेक नाही! मागचा ब्रेक आणि खालचा गिअर यांच्या जोरावर गाडी कशीबशी कडेला घेतली. सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं आम्हाला आजही ऐकू येतं.

कारण पुढे कळलं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायल्यावर मात्र तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घासणाऱ्या पॅडने डिस्क तापली, वर मस्कतचा उन्हाळा, आणि आमचं तेल चार वर्षांचं. ते उकळलं, वाफ झाली. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर हँडलला टेकला.

तेव्हा मंडळी, दर दोन वर्षांनी तेल बदला, गाडी चालवा किंवा न चालवा. डब्याच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच भरा, आणि सीलबंद बाटलीतली. रंगावर सांडू देऊ नका, रंग जातो. पॅड घातल्यावर जागेवरच लिव्हर दोन-चार वेळा दाबून घट्ट करून घ्या, तोवर गाडी हलवू नका. आणि निपल, सील ही नावं ऐकून धास्ती वाटत असेल तर गॅरेजात जरूर न्या. पण ‘ब्रेक बघा’ एवढंच म्हणू नका. थंड असताना घासतं की गरम झाल्यावर, सगळीकडे घासतं की एका जागी, कधीपासून, आणि त्याआधी काय बदललं, हे चार शब्द सांगा. अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

जाता जाता एक. आपल्यापैकी कितीतरी जणांची एक गाडी पुण्याला किंवा सातारला पार्किंगमध्ये चादर पांघरून उभी असते. वर्षातले अकरा महिने ती उभीच, आणि बाराव्या महिन्यात आपण तिच्यावर बसून थेट खंबाटकी उतरायला निघतो. आधी पुढचं चाक उचलून हाताने फिरवून बघा. मिनिटाचं काम आहे. धाकट्या भावाला नाहीतर पुतण्याला आजच फोन करून सांगितलंत तरी चालेल.

सातारकर परवा पुन्हा येऊन गेला, या वेळी गाडीवर बसून. सौ.ना त्याने कंदी पेढे दिले. आमच्या वाट्याला दोन आले.