नंदुरबारचा शेतकरी सल्ला कोणाला विचारतो?

मिरचीची शेंड्याकडची पाने आक्रसू लागली की नंदुरबार किंवा शहादा तालुक्यातला शेतकरी एक फांदी मोडतो, पिशवीत घालतो आणि जवळच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आणून ठेवतो. दुकानदार ती उलटसुलट करून पाहतो, फळीवरून दोन बाटल्या काढतो, किती पंपाला किती मिली ते तोंडी सांगतो आणि रक्कम वहीत मांडतो. पैसे मिरची विकल्यावर द्यायचे. निदान, उपचार, विक्री आणि उधारी ही चारही कामे पाच मिनिटांत एकाच हातून होतात.

आता त्या फांदीकडे पाहू. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी. पांढरी माशी पसरवते तो विषाणू असेल तर झाड बरे करणारे औषधच नाही. रोगट झाड उपटून टाकायचे, माशीला आवर घालायचा आणि पुढच्या हंगामात रोपे जाळीखाली वाढवायची, एवढाच उपाय. शेतकऱ्याच्या बोलण्यात या तिन्हींचे नाव एकच, चुरडा-मुरडा. निदान चुकले की खर्च फुकट जातो, मित्रकीटक मरतात आणि कीड आणखी चिवट होते. ‘यावर फवारू नका’ असे सांगणारा माणूस मात्र या साखळीत कुठेच नसतो, कारण त्या वाक्यावर कोणाचीच विक्री होत नाही.

माणसाच्या आजारात चिठ्ठी लिहिणारा आणि औषध विकणारा वेगळा असावा हे आपण फार पूर्वी मान्य केले आहे. शेतीत तो वेगळेपणा आपण राखला नाही, आणि त्याचा दोष दुकानदाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. त्याचे दुकान संध्याकाळी उघडे असते, तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, बँक दारात उभे करत नाही तेव्हा तो उधार देतो. सरकारी विस्तार यंत्रणेने सोडलेली जागा त्याने भरली आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००३ साली शेतकऱ्यांना माहिती कुठून मिळते हे तपासले, तेव्हा कोणत्याही स्रोताकडून माहिती घेणारी कुटुंबे देशभरात सुमारे ४० टक्के निघाली. इतर प्रगतिशील शेतकऱ्यांकडून १६.७ टक्के, निविष्ठा विक्रेत्यांकडून १३.१ टक्के, सरकारी विस्तार कार्यकर्त्याकडून ५.७ टक्के आणि कृषी विज्ञान केंद्राकडून ०.७ टक्के. आकडे जुने आहेत. पण नंदुरबारच्या बाजारपेठेत उभे राहून तो क्रम बदलला आहे असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

या रिकाम्या जागेची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळणे, डोक्यावर गेलेल्या कपाशीत उभे राहून फवारणे, तोंडाला साधे फडकेही नसणे यावर नंतर पुष्कळ बोलले गेले. ते सारे फवारणीच्या आधी कोणी बांधावर येऊन सांगितले असते तर? त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभरातली कपाशी पोखरली. तिची कथा तर अधिक बोलकी आहे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी देतानाच भोवती बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय ओळी लावण्याची अट होती. त्यासाठी प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत असे. अळीची प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून ती पुडी होती. बहुतेक ठिकाणी ती पेरलीच गेली नाही, कारण ती कशासाठी आहे हे सांगणे कोणाच्याच कामात बसत नव्हते. बियाणे विकणाऱ्याला तिच्यातून नफा नव्हता आणि सांगणारी सरकारी यंत्रणा गावात पुरेशी नव्हती. शेजारच्या गुजरातेत अळी बीटीला दाद देत नसल्याचे शास्त्रज्ञांनी आधीच नोंदवले होते. नंदुरबारला ती सीमा अंगणाला लागून आहे. पुढे आश्रय बियाणे मुख्य बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत आणावी लागली. शेतकऱ्याला समजावून सांगण्याची जी जबाबदारी आपल्याला पेलली नाही, ती शेवटी बियाण्याच्या पिशवीवर टाकली गेली.

आणि तरीही, कागदावर पाहिले तर सहकार्याची कमतरता नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी राज्याच्या कृषी खात्याची फेररचना होऊन मृदसंधारण, फलोत्पादन आणि विस्तार एका छत्राखाली आले, आणि कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेची, म्हणजे ‘आत्मा’ची कल्पना देशातल्या निवडक जिल्ह्यांत प्रयोगाला लागली. पुढे ती सर्व जिल्ह्यांत आली. तिची रचना आजही वाचावी अशी आहे: जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेले नियामक मंडळ, त्यात कृषी विज्ञान केंद्र, विद्यापीठ, पशुसंवर्धन, बँक, स्वयंसेवी संस्था आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, जिल्हा आणि तालुक्याला शेतकरी सल्लागार समित्या, गरजेवर बेतलेला विस्तार आराखडा. कोळदे येथे डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र इथवर येते. माणसे आहेत, ज्ञान आहे, बैठकाही होतात. जे नाही ते असे: या सगळ्यांनी मिळून दिलेल्या एका सल्ल्याखाली कोणाची सही नसते आणि तो चुकला तर कोणाला जाब विचारायचा हे शेतकऱ्याला माहीत नसते.

गावपातळीवर ज्या माणसावर हा डोलारा उभा आहे तो कृषी सहायक. २०२५ साली त्याचे पदनाम ‘सहाय्यक कृषी अधिकारी’ झाले. अनेक गावांचा भार, अतिवृष्टीचे पंचनामे, पीक कापणी प्रयोग, अनुदानाच्या अर्जांची पडताळणी, पोर्टलवरच्या नोंदी आणि छायाचित्रे हे सारे उरकल्यावर जो वेळ राहतो त्याला आपण विस्तार म्हणतो. त्याला आळशी म्हणणाऱ्यांनी त्याच्या मोबाइलमधल्या गटांवर दिवसभरात येणारे आदेश एकदा पाहावेत. पदाचे नाव बदलून त्याचा शेतातला वेळ वाढलेला नाही.

सपाटीवरची ही स्थिती. तापीकाठ सोडून धडगाव किंवा मोलगीची वाट धरली की प्रश्नाचे रूपच पालटते. जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा कुटुंबे मका, ज्वारी, तूर, भगर अशी मिसळीची पिके घेतात, आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर करतात. इथे दुकानदाराचाही सल्ला उशिरा पोहोचतो. घरात बोलायची भाषा पावरी किंवा भिली. २०११ च्या जनगणनेत भिलीचे भाषक १ कोटीहून जास्त नोंदले गेले. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. किसान कॉल सेंटर २००४ सालापासून २२ भाषांत उत्तर देते, त्यांत तिचा समावेश झाला नव्हता. प्रमाण मराठीतली घडीपत्रिका डोंगरातल्या पाड्यावर वाटून ‘लाभार्थी’ मोजता येतात, शेती बदलत नाही.

वेळापत्रक तर त्याहून चुकीचे. दिवाळीनंतर याच डोंगराळ भागातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत उतरतात. सरकारी निधी मात्र वर्ष सरताना हाती येतो आणि प्रशिक्षणांची धांदल मार्चच्या आत उरकण्याकडे कल असतो. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ते तेव्हा बार्डोलीकडच्या फडात असतात. मग खुर्च्या कोणी भरल्या याचा हिशेब कोण विचारणार? ज्या कुटुंबांकडे वनहक्काचा पट्टा आहे पण रीतसर सातबारा नाही, त्यांची नावे योजनांच्या यादीत मागे पडतात. आणि निंदणी, तोडणी, वाळवणाच्या पथारीवर मिरची निवडणे ही कामे करणारी बाई यादीत क्वचितच असते. ‘आत्मा’च्या निधीतला किमान ३० टक्के वाटा स्त्रियांसाठी राखावा असे मार्गदर्शक सूचनाच सांगतात, तो खर्च सभागृहातल्या उपस्थितीपुरता झाला तर त्या बाईच्या हातातले काम जसेच्या तसे राहते.

यावर आता नवा उतारा सुचवला जातो तो मोबाइलचा. राज्याने २०२५ साली कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण आणले आहे, आणि हवामानाचा इशारा किंवा बाजारभाव क्षणात पोहोचवण्याची त्यातली ताकद मी कमी लेखत नाही. पण फोनने दिलेले निदान हातात घेऊन शेतकरी शेवटी त्याच काउंटरवर जाईल. फळीवर ती बाटली नसेल तर दुसरी घेईल, कारण उधारी तिथेच आहे.

मग एकत्र येणे म्हणजे नेमके काय? महाराष्ट्राकडे याची दोन उत्तरे घरचीच आहेत. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भात धुमाकूळ घातल्यावर पुढच्या वर्षी ‘क्रॉपसॅप’ हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. कृषी खाते, कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्था एकाच नोंदपद्धतीवर आल्या. शेतातले निरीक्षण, त्यावर विद्यापीठाचा सल्ला आणि तो तालुक्यापर्यंत, असे चक्र त्यात बांधले गेले. दुसरे उदाहरण द्राक्ष बागाईतदार संघाचे. त्या शेतकऱ्यांनी १९६० च्या सुमारास स्वतःची संघटना उभी केली, पुण्याजवळ मांजरीला संशोधनाची सोय केली, आणि २०१० साली युरोपने क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे माल अडवला तेव्हा शास्त्रज्ञ, निर्यातदार आणि बागाईतदार यांना एका टेबलावर बसावेच लागले. दोन्हींकडे सहकार्य सदिच्छेतून आलेले नाही. नुकसान सगळ्यांचे होते आणि कोणी काय करायचे ते ठरलेले होते.

नंदुरबारात तसे नुकसान होण्याची वाट पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण इथली पिकेच एकमेकांत गुंतलेली आहेत. ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’ ही परदेशी फुलकिड्यांची जात भारतात २०१५ साली बंगळुरूच्या पपईवर प्रथम नोंदली गेली आणि २०२१ साली तिने आंध्र-तेलंगणातली मिरची उद्ध्वस्त केली. शहादा-नंदुरबारच्या पट्ट्यात पपई आणि मिरची बांधाला बांध लावून उभ्या असतात. पपईवरचा रिंगस्पॉट विषाणू मावा पसरवतो, आणि तो काकडीवर्गीय पिकांतही राहू शकतो. एकाने रोगट बाग उपटली आणि शेजाऱ्याने ‘अजून दोन तोडे निघतील’ म्हणून ठेवली, तर पहिल्याचा त्याग वाया जातो. कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेले पीक, तशीच; ती ठेवणाऱ्याची अळी पुढच्या वर्षी सगळ्या शिवारात उतरते. या कोणत्याच संकटावर एकट्या शेतकऱ्याला दिलेला सल्ला पुरत नाही. सल्ला शिवाराला द्यावा लागतो, आणि शिवाराशी बोलण्याची जागा आज कोणाकडेच नाही.

म्हणून मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. मिरचीची रोपवाटिका टाकण्याआधी, एप्रिलअखेर, तालुक्याच्या समितीने एकच लेखी पीकसल्ला काढावा. त्यावर कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी अधिकारी यांच्या सह्या असाव्यात. तो प्रत्येक कृषी सेवा केंद्रात दिसेल असा लागावा, आणि दुकानदाराने वेगळे औषध दिले तर बिलावर कारण लिहावे. विक्रेत्यांच्या संघटनेला समितीच्या टेबलावर जागा द्यावी. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली विक्रेत्यांसाठी सुरू केलेला ४८ आठवड्यांचा ‘देसी’ पदविका अभ्यासक्रम आहेच. तो केलेल्या दुकानदाराला जिल्ह्यात मान मिळाला पाहिजे. नंदुरबार बाजार समितीत लाल मिरची घेणाऱ्या व्यापाऱ्यांनाही बोलवावे. पथारीवर पडलेला माल अवकाळीने भिजला की नुकसान त्यांचेच, आणि औषधाच्या अंशामुळे माल परत आला तरी त्यांचेच. सल्ल्याच्या खर्चात त्यांनी वाटा उचलणे गैर नाही.

डोंगरासाठी वेगळी तजवीज हवी. धडगाव आणि मोलगीच्या आठवडे बाजाराच्या दिवशी, जून ते ऑक्टोबर, पीक तपासणीचे टेबल लागावे आणि त्यावर पावरी-भिली बोलणारे स्थानिक तरुण आणि बाया मानधनावर बसाव्यात. मानधन हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ‘कृषी मित्र’ म्हणून नेमलेल्या माणसाकडून आपण फुकटात किंवा नाममात्र पैशांत फार अपेक्षा केली आहे. बाएफसारख्या संस्थेने धडगाव परिसरात मका-ज्वारीच्या गावरान वाणांच्या बियाणे बँका लोकांच्याच हाती उभ्या केल्या आहेत, तिथले जाणते शेतकरी या कामाचे पहिले शिक्षक होऊ शकतात. इंडोनेशियात १९८९ पासून भातावरच्या तुडतुड्यांविरुद्ध ज्या शेतीशाळा भरल्या, त्यांत शेतकऱ्यांनी आपल्याच बांधीत किडी मोजल्या आणि फवारायचे की नाही ते स्वतः ठरवले. सातपुड्यातल्या माणसाला हे जमणार नाही असे मानण्याला कोणताही आधार नाही.

आणि हंगाम संपल्यावर, डिसेंबरात, त्याच समितीने पुन्हा बसून एप्रिलचा कागद वाचावा: कोणता सल्ला दिला, किती गावांत पोहोचला, कुठे चुकला, किती बिलांवर वेगळे कारण लिहिले गेले. हे इतिवृत्त ग्रामसभेत वाचून दाखवावे. डोंगरातल्या गावांसाठी मात्र ते दिवाळीपूर्वीच व्हायला हवे, लोक फडाकडे निघण्याच्या आत.