जुने वेबपान कोणी सांभाळायचे?

काही सरकारी संकेतस्थळांवर अजूनही वरच्या बाजूला उजवीकडून डावीकडे सरकणारी सूचनांची पट्टी दिसते. अशा पट्टीसाठी ‘मार्की’ नावाची खूण १९९०च्या दशकात इंटरनेट एक्सप्लोररने आणली. एचटीएमएल या वेबच्या भाषेच्या आजच्या प्रमाण नियमावलीत तिच्याबद्दल दोन आज्ञा आहेत. पान लिहिणाऱ्याने ती वापरू नये, ही पहिली. ब्राउझरने मात्र ती दाखवलीच पाहिजे, ही दुसरी. हे विसंगत वाटेल, पण वेब टिकून राहण्याचे मर्म त्यातच आहे.

पानाच्या मांडणीचे नियम सांगणारी सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६मध्ये आली. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोरर आणि नेटस्केप यांची चुरस जोरात होती आणि दोघेही नियम आपापल्या परीने लावत. चौकटीची रुंदी ३०० आणि आत दोन्ही बाजूंना २० एवढी मोकळी जागा सांगितली, तर नियमाप्रमाणे चौकट ३४० व्हायला हवी. एक्सप्लोररची पाचवी आवृत्ती ती ३०० मध्येच बसवत असे. लोकांनी समोर जे दिसले त्यावर बेतून पाने लिहिली. मग ब्राउझर सुधारायचा, तर ही पाने विस्कटणार होती.

२०००मध्ये मॅकसाठीच्या एक्सप्लोररने यावर तोड काढली. पानाच्या सुरुवातीला ‘डॉकटाइप’ची योग्य ओळ असेल तर नव्या नियमांनी दाखवायचे, नसेल तर पान जुने समजून जुन्या सवयींनी. या दुसऱ्या पद्धतीला ‘क्वर्क्स मोड’ म्हणतात. इतर ब्राउझरांनीही ही युक्ती उचलली. अडचण एवढीच होती, की जुन्या सवयी नेमक्या कोणत्या, हे कुठेच लिहिलेले नव्हते. प्रत्येक कंपनी दुसऱ्याच्या चुका पाहून त्यांची नक्कल करीत होती.

२००४मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्याकडील मंडळींनी स्थापलेल्या ‘डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी’ या गटाने पुढे हे काम हाती घेतले. चुकीच्या लिहिलेल्या एचटीएमएलचाही सर्व ब्राउझरांनी एकच अर्थ लावावा, म्हणून त्याची पायरीवार रीत ठरली. क्वर्क्स मोडचेही स्वतंत्र प्रमाण तयार झाले. लांबीपुढे एकक नसेल तर पिक्सेल धरावे, रंगाच्या अंकापुढचे चिन्ह राहिले तरी रंग ओळखावा, अशा बारीक गोष्टी त्यात कलमवार नोंदल्या आहेत.

हा कचरा कशाला वाहायचा, ज्याने त्याने आपले पान दुरुस्त करावे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. जुन्या सवयींमुळे ब्राउझर बोजड होतात. पण कित्येक पानांचे लेखक आज हयात नाहीत, कित्येक संस्था बंद पडल्या. दुरुस्ती करणार कोण? शिवाय या सवयी लिहून ठेवल्या नाहीत, तर नवा ब्राउझर घडवणाऱ्याला आधी जुन्यांच्या खोडी शोधण्यात वर्षे घालवावी लागतील. ऑपेराने २०१३मध्ये आपले स्वतःचे इंजिन सोडले, पुढे मायक्रोसॉफ्टनेही सोडले. आज प्रमुख इंजिने तीनच उरली आहेत. लिखित प्रमाण नसेल तर चौथ्याला दार बंदच.

नोंद झाली नाही की काय होते, हे मराठीने सोसले आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापले फाँट वापरत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अनेक ठिकाणी हे फाँट फक्त एक्सप्लोररला समजणाऱ्या स्वरूपात पाठवले जात. आज तीच पाने उघडली तर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. याच गटाने जुन्या लिपिसंकेतांचेही प्रमाण केले आहे. त्यात जपानी, चिनी, कोरियन, रशियन, थाई यांचे संकेत आहेत; भारतीय लिपीचा एकही नाही, १९९१चा आपला ‘इस्की’सुद्धा नाही. आपली जुनी पाने मुळात एका सामाईक संकेताला धरून लिहिलीच नव्हती. प्रत्येक फाँटचा कोठा वेगळा आणि त्याची किल्ली विक्रेत्याकडे.

काही फाँटांसाठी परिवर्तक आहेत, पण ते विखुरलेले आहेत. वृत्तपत्रे, फाँट बनवणाऱ्या कंपन्या, राज्याचा मराठी भाषा विभाग आणि पुण्याची सी-डॅक यांनी या फाँटांचे अक्षर-तक्ते एकत्र करून सर्वांसाठी खुले करायला हवेत. हे फाँट घडवणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवर हे काम सोपे आहे. ब्राउझर बनवणाऱ्यांनी चुकासुद्धा नोंदून ठेवल्या, म्हणून त्यांची जुनी पाने आज वाचता येतात. आपल्या पानांत तर चूक नव्हती, मजकूर होता.