चित्रात स्टँडबाय होता

शनिवारी सकाळी लॅपटॉप उघडायचा नाही असा माझा नियम आहे. आज मोडला. गेल्या मंगळवारपासून एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीये, ती एकदाची लिहून टाकल्याशिवाय पोहे काही गोड लागायचे नाहीत.

तर झालं असं. क्लाउडवरच्या सिस्टीमचे नकाशे काढायला आमच्या टीममध्ये 'डायग्रॅम्स' नावाची पायथनची लायब्ररी वापरतात. ओपन सोर्स आहे, फुकट आहे. माऊसने चौकोन ओढत बसायचं नाही. इथे सर्व्हर, तिथे डेटाबेस, मधे बाण असं चार ओळींत लिहायचं, चालवायचं, की पीएनजी फाईल तयार. प्रेझेंटेशनमध्ये टाकायला एकदम झकास! या टूलवर टीमसाठी एक पान लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मन लावून लिहिलं. म्हणूनच जास्त लागलंय.

काय नव्हतं त्या पानात? पायथनचं पॅकेज टाकलं म्हणजे झालं असं नाही, ग्राफविझ वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, कारण प्रत्यक्ष चित्र काढणारा गडी तोच. तो नसेल तर 'डॉट' सापडत नाही अशी एरर येते आणि नवखा माणूस तासभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. सर्व्हरवर चालवताना चित्र आपोआप उघडण्याची सोय बंद करा, तिथे बघायला स्क्रीनच नसतो. फाईलचं नाव दिलं नाहीत तर ते चित्राच्या शीर्षकावरून बनतं, म्हणजे त्याच शीर्षकाचं दुसरं चित्र काढलंत की पहिलं न विचारता पुसलं जातं. एसव्हीजी काढलंत तर तुमच्या मशीनवर छान दिसेल, पण आयकॉन त्या फाईलच्या आत नसतात, तुमच्या डिस्कवरचा त्यांचा पत्ता फक्त असतो. दुसऱ्याला पाठवली की नुसती नावं उरतात. त्यापेक्षा पीएनजी पाठवा.

हे सगळं खरं आहे, उपयोगाचं आहे. पानाच्या शेवटी आमच्या सिस्टीमचं चित्रही नमुना म्हणून लावलं होतं.

मंगळवारी रात्री दीडच्या सुमारास मुख्य डेटाबेस अडकला. ऑनकॉलवर होती सहा महिन्यांपूर्वी जॉइन झालेली मुलगी. तिने माझं पान उघडलं, चित्र बघितलं. मुख्य डेटाबेसच्या शेजारी स्टँडबाय, दोघांत तुटक रेघ. म्हणजे मुख्य मशीन रिस्टार्ट केलं तरी दुसरं सांभाळून घेईल. तिने रिस्टार्ट केलं. सांभाळून घ्यायला कुणीच नव्हतं. खर्च वाचवायला तो स्टँडबाय आम्हीच चार महिन्यांपूर्वी काढून टाकला होता. पाऊण तास सगळं ठप्प.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. ती हळूच म्हणाली, "पण ते चित्र क्लाउडवरूनच एक्स्पोर्ट होतं ना?"

नाही होत. ही लायब्ररी क्लाउडला काही विचारतच नाही. तिला ना तुमचं अकाउंट माहीत, ना पासवर्ड. आपण कोडमध्ये स्टँडबाय लिहिला की ती स्टँडबाय काढते. हत्तीचा आयकॉन दिला तर हत्तीही काढेल! हे टूल फक्त चित्र काढण्यासाठी आहे, खऱ्या क्लाउडशी त्याचा संबंध नाही, हे त्या प्रोजेक्टच्या माहितीत अगदी सुरुवातीलाच सांगितलंय. मी माझ्या पानात ते लिहिलं नाही, कारण मला ते माहीत होतं. आपल्याला जे माहीत असतं तेच आपण लिहायचं विसरतो.

माझं म्हणणं एवढंच, की चित्र काढणाऱ्या टूलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चित्र कसं काढायचं हे दुसरं. त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे पहिलं. हाताने फळ्यावर काढलेल्या चित्राकडे आपण जरा संशयाने बघतो. पण सरळ रेघा, नीट आयकॉन, मशीनने मांडलेलं चित्र दिसलं की ते खरंच असणार असं वाटतं.

यावर एक मित्र म्हणाला, मग थेट क्लाउडमधून वाचणारं टूल घ्या की. घेता येईल. पण तसलं टूल जे जे सापडेल ते सगळं काढतं, आणि शंभर चौकोनांत रात्री दीड वाजता काय शोधणार? शिवाय एखादी गोष्ट तिथे का आहे, हे कुठलंच टूल सांगत नाही. ते माणसालाच लिहावं लागतं.

आणि आमचा मॅनेजर नेहमीचं वाक्य म्हणाला, "डॉक्युमेंटेशन वाचतं कोण?" अरे, तिने वाचलं ना! वाचलं म्हणूनच तर घोळ झाला.

पान आता बदललंय. पहिलीच ओळ अशी: हे चित्र माणसाने लिहिलेल्या कोडवरून बनलं आहे, क्लाउडवर आत्ता काय चालू आहे ते यात दिसत नाही. शीर्षकात तारीख, कारण शीर्षक चित्रावर छापलं जातं. फाईलचं नाव मात्र वेगळं द्यायचं, नाहीतर दर तारखेला नवी फाईल आणि जुनी तशीच पडून. आणि मशीन वाढवणारा किंवा काढणारा बदल चित्राचा कोड बदलल्याशिवाय मंजूर करायचा नाही.

तिला मी सॉरी म्हटलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, ते सोमवारी म्हणणार आहे.

असो. तुमच्या टीमचंही असं एखादं सुंदर चित्र असेलच. त्यावर तारीख आहे का, एकदा बघा.