पडद्याच्या ऑपरेशननंतर डोळा ठणकू लागला तर

मधुमेह वाढला तशी डोळ्याच्या पडद्याची ऑपरेशनेही वाढली. बीड जिल्ह्यातले बरेच रुग्ण त्यासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जातात आणि एक-दोन दिवसांत एसटीने गावी परततात. काळजीचे दिवस तिथून पुढचे.

डोळ्याच्या आत जंतू शिरून पू होतो, त्याला आम्ही एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतो. पडद्याच्या ऑपरेशननंतर तो साधारणपणे हजारात एकालाही होत नाही. पण झाला तर एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते. एखाद्यालाच झाला, तर जंतू बहुतेकदा त्याच्याच पापण्यांवरचे असतात. म्हणून ऑपरेशनआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन टाकतात. एकाच वेळी अनेकांना झाला, तर मात्र थिएटर, द्रावणे, निर्जंतुकीकरण सगळेच तपासावे लागते. वाशीमला २०१५ मध्ये आणि जोगेश्वरीला २०१९ मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णांबाबत हेच घडले. जोगेश्वरीत सातपैकी पाच जणांचा एकेक डोळा गेला.

पडद्याच्या रुग्णाची अडचण वेगळीच. डोळ्यात वायू भरलेला असला, की सुरुवातीला अंधुकच दिसते. ‘दिसायला वेळ लागेल, डॉक्टर म्हणालेत,’ असे म्हणत घरचे थांबतात. म्हणून लक्ष दुखण्याकडे ठेवा. खुपणे रोज कमी व्हायला हवे. ते वाढले, पापणी सुजली, लाली वाढली किंवा काळ्या बुबुळावर पांढरा थर दिसला, तर त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी. ‘डोळे आलेत’ समजून मेडिकलमधून थेंब आणण्यात मोलाचे तास जातात. थेंब आणि गोळ्या इथे पुरत नाहीत. प्रतिजैविकाचे इंजेक्शन थेट डोळ्याच्या आत द्यावे लागते.

आपल्याकडे त्यात ऊसतोडीची भर. मुकादमाची उचल घेतलेला माणूस ऑपरेशन झाले तरी टोळीबरोबर निघतो. फडात डोळा ठणकला तर जायचे कुठे? हातात डिस्चार्ज कार्ड असते, तेही इंग्रजीत. त्यावर धोक्याची लक्षणे मराठीत आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर छापणे रुग्णालयांना सक्तीचे करावे. व्हॅन्कोमायसिन, सेफ्टाझिडिम ही औषधे दुर्मीळ नाहीत. जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता ती डोळ्यात देणारा डॉक्टर हवा. ते पद भरलेले आहे का, हे आमदारांनी विचारावे.