राज्याच्या सुबत्तेचे माप

राज्य संपन्न झाले किंवा कसे, हे ठरविताना आपण व्यापारी मंडळी प्रथम उलाढालीचा आकडा पुढे करतो. बाजार समितीतील व्यवहार वाढला, कराचा भरणा वाढला, म्हणजे राज्याची भरभराट झाली, असे आपल्या निवेदनांतून सांगितले जाते. हे माप अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. भाव चढले की उलाढाल फुगते. पोती मात्र तितकीच राहतात. कराचेही तसेच. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा नोंदणीकृत छाप नसलेल्या धान्यावर तो नव्हता. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या बंद पिशव्यांवर तो बसला. तेच धान्य, तोच खाणारा. करखात्याच्या वहीत मात्र भरणा वाढला.

दरडोई उत्पन्न हे त्याहून बरे माप. परंतु सरासरी फसवी असते. बंगळूर व कलबुर्गी यांची एकच सरासरी काढली, तर दोन्हीकडचे सत्य झाकले जाते. हे ओळखून कर्नाटकात डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली ३५ निदर्शक घेऊन तालुकावार माप लावले. तेव्हा १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरले.

मग घराघरांत उतरणारे माप कोणते? कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखविले. सरकारी पाहणीनुसार भारतातील ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात हा वाटा १९९९-२००० साली शेकडा ५९ होता. २०२२-२३ साली तो शेकडा ४६ झाला. त्यात तृणधान्याचा वाटा सुमारे २२ वरून ५ च्या आसपास उतरला. आम्हा धान्य व्यापाऱ्यांस हा आकडा कडू वाटेल. परंतु धान्य घेऊन झाल्यावर गृहिणीच्या हाती दुधाला, फळाला, मुलांच्या शिक्षणाला पैसा उरणे, हीच खरी सुबत्ता होय.

अर्थात रेशनवरील स्वस्त व मोफत धान्याचाही या घटीत हात आहे. आणि उरलेला पैसा औषधोपचारात गेला, तर त्यास सुबत्ता म्हणता येणार नाही. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये.

आपल्या संघाने पुढील निवेदनात उलाढाल रुपयांबरोबर क्विंटलांतही द्यावी, आणि मजुरी व कुटुंबखर्च यांची तालुकावार पाहणी सरकारकडे मागावी. जेथे गिऱ्हाईक दुबळे, तेथे पेढी फार काळ सबळ राहत नाही. तराजू खरा ठेवणे हा आपला धर्म. तो राज्याचे माप घेतानाही सुटू नये.