मंगळावर नऊशे साठ हंडे

मुलांनो, गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक वाद पेटला आणि त्याचं खापर शेवटी माझ्याच डोक्यावर फुटलं. झालं असं, की सूर्यमालेचा पाठ चालला होता. मी सहज विचारलं, "मोठेपणी कोण कोण कुठं कुठं जाणार?" कुणी म्हणालं पुण्याला, कुणी सुरतेला, एकीनं तर मामाच्या गावालाच जाणार म्हणून सांगितलं. इतक्यात मागच्या बाकावरचा आमचा एक बुटका गडी उठला आणि छाती काढून म्हणाला, "मी मंगळावर!"

वर्ग हसला. पण त्याच्या शेजारी बसणारा मुलगा हसला नाही. त्यानं घरच्या अहिराणीत विचारलं, "बाई, पण तठे पानी शे का?" म्हणजे, तिथं पाणी आहे का?

खानदेशातल्या माणसाला हाच प्रश्न आधी सुचणार! एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडं पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा गावात कुणी कुणाला 'कसे आहात' विचारायच्या आधी 'पाणी आलं का' असं विचारतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्या मंगळवीराची आई फाटकाशी उभी. म्हणाली, "बाई, आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, नि तुम्ही पोरांना मंगळ काय दाखवता?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. म्हणून या आठवड्याचं हे पान त्या मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी. दोघांचा प्रश्न एकच आहे, पाण्याचा.

आधी मुलाचं उत्तर. हो, मंगळावर पाणी आहे, पण बर्फाच्या रूपात. ध्रुवांवर आहे आणि काही भागांत मातीखालीही आहे. २००८ साली 'फिनिक्स' नावाच्या यानानं माती उकरली, तेव्हा खाली पांढरं बर्फ दिसलं. वाहतं पाणी मात्र नाही. तिथली हवा इतकी विरळ आहे, की आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाहूनही तिचा दाब कमी. तुम्ही तांब्याभर पाणी ओतलंत, तर ते थोडं उकळून वाफ होईल आणि उरलेलं गोठेल. एकाच वेळी उकळणं आणि गोठणं, आहे ना चमत्कारिक!

पण पूर्वी तिथं नद्या होत्या. हे कसं कळलं, सांगा पाहू? उन्हाळ्यात गिरणेच्या कोरड्या पात्रात उतरून बघा. गोटे कसे असतात? गोल, गुळगुळीत. पाण्यानं लोळवल्याशिवाय दगड असा गोल होत नाही. २०१२ साली 'क्युरिऑसिटी' ही गाडी मंगळावर उतरली आणि तिला खडकात रुतलेले असेच गोल गोटे सापडले. अब्जावधी वर्षांपूर्वी तिथून ओढा वाहिला होता. आणि जिथं पाणी वाहिलं, तिथं एखादा सूक्ष्म जीव जगला असेल का? मंगळावर जायचं ते मुख्यतः या प्रश्नासाठी.

मग तुम्ही म्हणाल, गाड्या आहेत ना तिथं? माणूस कशाला हवा?

याचं उत्तर आकड्यांत देते. 'ऑपॉर्च्युनिटी' नावाची गाडी २००४ मध्ये मंगळावर उतरली. २०१८ च्या धुळीच्या वादळात ती बंद पडेपर्यंत, म्हणजे चौदा वर्षांत, ती चालली ४५ किलोमीटर. जळगावहून धुळ्याला निघालात तर साधारण निम्मी वाट! आता दुसरा आकडा. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो-१७ चे दोन अंतराळवीर चंद्रावर होते. त्यांनी तीन दिवसांत आपली गाडी ३५ किलोमीटर हाकली. त्यांतले हॅरिसन श्मिट हे भूशास्त्रज्ञ. चालता चालता त्यांना राखाडी धुळीत नारिंगी माती दिसली, ते थांबले आणि त्यांनी ती उचलली. यंत्राला सांगितलेलं काम ते चोख करतं. 'अरे, हे काय वेगळंच!' असं म्हणून थबकणं माणसाला जमतं.

आपल्या पायाखालचा काळा दगड आहे ना, ज्याचे पूर्वी पाटे-वरवंटे करत, तो बेसाल्ट. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही बेसाल्टचाच आहे. म्हणून तर बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर पाहायला शास्त्रज्ञ येतात. आकाशातून आलेल्या दगडानं बेसाल्टमध्ये पाडलेला एवढा मोठा, नीट टिकलेला खड्डा पृथ्वीवर दुर्मिळ. मंगळावर मात्र असे खड्डे जागोजाग. (आणि मंगळाचा एक तुकडा तर स्वतःहूनच आपल्या देशात येऊन पडला होता, १८६५ साली बिहारमधल्या शेरघाटीजवळ!)

असो. आता निघायची तयारी करू.

पृथ्वी आणि मंगळ सूर्याभोवती वेगवेगळ्या गतीनं फिरतात. त्यामुळं निघायला सोयीचा काळ सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येतो. एसटी चुकली तर तासाभरानं दुसरी मिळते. इथं चुकली, तर सव्वादोन वर्षं स्टँडवर बसा! जायला सहा ते नऊ महिने. पोचल्यावर लगेच उलटं फिरता येत नाही, दोन्ही ग्रह पुन्हा योग्य जागी येईपर्यंत तिथं पाचशेच्या आसपास दिवस काढायचे. मग परतीचा प्रवास. सगळे मिळून नऊशे दिवस धरू.

मी वर्गात फळ्यावर गणित घातलं. अंतराळ स्थानकावर एका माणसाला पिणं, जेवण आणि अंग पुसणं मिळून दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी लागतं. माणसं चार, दिवस नऊशे. करा गुणाकार! १४,४०० लिटर. आमच्या पोरांना लिटरपेक्षा हंडा कळतो. मोठा हंडा १५ लिटरचा, म्हणजे झाले ९६० हंडे. "बाई, दीड टँकर!" एक मुलगी ओरडली. टँकरचा हिशेब आमच्याकडं पाढ्यांइतका पाठ असतो.

प्रवासातलं पाणी वजा केलं, तरी पाचशे दिवसांसाठी मंगळावर उतरवायचं पाणी आठ टन होतं. आणि मंगळावर आजवर उतरलेल्या सगळ्यांत जड यानांपैकी 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी आहे जेमतेम एक टनाची! तिथली हवा घर्षणानं यान तापवण्याइतकी आहे, पण छत्रीनं जड यान अलगद उतरवण्याइतकी नाही. म्हणजे चटका पुरा, आधार अपुरा. माणसांचं घर, यंत्रं, अन्न हे सगळं उतरवणं हे आजचं सर्वांत मोठं न सुटलेलं कोडं आहे, असं मला वाटतं.

मग पाणी न्यायचं तरी कसं? उपाय एकच. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरायचं. अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि, नाक मुरडू नका हं, लघवीसुद्धा गोळा करून, गाळून, शुद्ध करून पितात. २०२३ मध्ये 'नासा'नं सांगितलं, की त्यांना तिथल्या शंभरातलं ९८ लिटर पाणी परत मिळवता आलं. पुन्हा फळ्याकडं या. १४,४०० चे दोन टक्के किती? २८८ लिटर. फिरवायला सुरुवातीला थोडं पाणी लागेल ते वेगळं, पण वाया जाणारं पाणी फक्त एकोणीस-वीस हंडे! ९६० चे वीस झाले.

वर्गात 'शीऽऽ' झालंच. मी म्हटलं, "तुम्ही आज सकाळी तापीचं पाणी प्यायलात, ते याआधी किती म्हशींच्या पोटातून फिरून आलं असेल?" मग सगळे गप्प.

मला या वेळी माझे आजोबा आठवले. माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं, पांझरा नदीच्या काठचं. तिथं शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले मोठे भाग, तेच फड. कोणत्या फडात यंदा कोणतं पीक, हे गावानं मिळून ठरवायचं. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याचं. शेत आपलं असलं, तरी आपल्या हातानं दारं धरून पाणी वळवायचं नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा आणि ती झळ सगळ्यांनी मिळून सोसायची. आता ती पद्धत पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण मंगळावरच्या चार माणसांना असंच राहावं लागणार. एकानं चोरून जास्त पाणी वापरलं, तर तिथं तक्रार ऐकायला कचेरी नाही.

आणि पृथ्वीला विचारावं म्हटलं, तर तेही लवकर होत नाही. निरोप प्रकाशाच्या वेगानं गेला, तरी मंगळापर्यंत पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं, तेव्हा बातमी यायला बारा मिनिटं लागली होती. यानात कुणाला अपेंडिक्सचा त्रास झाला, तर डॉक्टरांना विचारून उत्तर येईस्तोवर पाऊण तास जाऊ शकतो.

श्वासाचंही तसंच. तिथली हवा ९५ टक्के कार्बन डायॉक्साइड. 'पर्सिव्हिअरन्स'वरच्या एका छोट्या यंत्रानं त्यातून प्राणवायू काढून दाखवला, २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा. सगळा मिळून १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे हा पुरला साडेतीन तास, आपल्या मधल्या सुट्टीपर्यंत. पण दुसऱ्या ग्रहावरच्या हवेतून प्राणवायू निघतो हे सिद्ध झालं, ही काही लहान गोष्ट नाही.

शरीराचं काय? वजन नसलं की हाडं झिजतात, म्हणून अंतराळवीर रोज दोन तास व्यायाम करतात. रशियाचे वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस अवकाशात राहिले आणि उतरल्यावर स्वतःच्या पायांनी चालून दाखवलं. पण सूर्याकडून आणि दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या किरणांना व्यायामाचा उपाय चालत नाही. पृथ्वीची हवा आणि तिचं चुंबकत्व आपल्याला त्यांच्यापासून वाचवतं. मंगळाच्या वाटेवर ही पांघरुणं नाहीत.

आता आईंच्या प्रश्नाकडं येते. मंगळयानाला खर्च आला ४५० कोटी रुपये. तेव्हा आपण सुमारे १२५ कोटी लोक होतो. भागाकार करा, माणशी ३ रुपये ६० पैसे. तेवढ्यात भारतानं पहिल्याच प्रयत्नात मंगळ गाठला. पण माणूस पाठवायचा खर्च असा नसेल, तो लाखो कोटींत जाईल. तेव्हा "आधी आमच्या नळाचं बघा" असं म्हणणारी आई अडाणी नाही. तिचा प्रश्न खराच आहे, आणि मंगळावर न गेल्यानं नळाला आपोआप पाणी येईल असंही नाही. मी तिला एवढंच सांगितलं, की थोड्या पाण्यात चार माणसं जगवायची विद्या आपल्याही कामाची आहे. तिला ते पटलं असं मी म्हणणार नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर माणसानं जावं, पण घाई करू नये. आधी यंत्रांनी जाऊन प्राणवायू आणि परतीचं इंधन तयार ठेवावं, मग माणसानं निघावं. आणखी एक. आपल्या अंगावर कोट्यवधी जंतू असतात. ते तिथं सांडले, तर उद्या सापडलेला जीव मंगळाचा की आपल्याच नाकातला, हे कसं ओळखणार? म्हणून जिथं जीव असायची शक्यता आहे, तिथं आधी यंत्रंच गेलेली बरी. २०१३ साली एका डच कंपनीनं, मंगळावर जा आणि परत येऊच नका, अशा सफरीसाठी अर्ज मागवले होते. आपल्या देशातूनही गेले! २०१९ मध्ये त्या कंपनीचं दिवाळं वाजलं. बरंच झालं म्हणायचं. परतीची सोय नसलेली सहल मी तरी माझ्या वर्गाची काढणार नाही.

आमच्या मंगळवीराला मी गृहपाठ दिला, घरात एका दिवसात किती हंडे पाणी लागतं ते मोजून आण. आई मोजू देईल का, अशी मला शंका होती. पण तिसऱ्या दिवशी त्यानं वही पुढं केली. माणसं सहा, हंडे तेवीस. म्हणजे ३४५ लिटर, माणशी साडेसत्तावन्न. मंगळावर चार! खाली वेगळ्या अक्षरात, बहुधा आईच्याच, एक ओळ होती: "बाई, तिथं भांडी कोण नि कशानं घासणार?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हीही एक दिवस घरचे हंडे मोजा, आणि भांड्यांचं काही सुचलं, तर या पानाच्या पत्त्यावर लिहून पाठवा.